ओ अम्लाउट म्हणजे काना

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मुख्याध्यापक सर म्हणाले, "भाऊ, लॅबसोबत ऑफिसच्या मशीनवरही उबुंटू टाकून घेतलंय." उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. मशीन जुनं, त्यावर विंडोज रखडत चालायचं आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते. त्यांचं बरोबरच होतं. पण मी या शाळेत लिपिक आहे, मला जन्मापासून दिसत नाही. अमळनेरहून सकाळच्या एसटीने येतो आणि पगारबिलं, दाखले, आवक-जावक सगळं कानाने करतो. इतकी वर्षं ते एनव्हीडीएच्या भरवशावर चाललं होतं. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि तो फक्त विंडोजवर चालतो. पोटात गोळा आला.

एनव्हीडीएबद्दल मला माया आहे, त्याला कारण आहे. मी शिकलो ते जॉज नावाच्या विकतच्या स्क्रीन रीडरवर. परवाना घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. परवान्याशिवाय जॉज 40 मिनिटं चालतं, मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा. अर्ज अर्धा टाईप झालेला असायचा आणि आवाज जायचा. मायकल करन आणि जेम्स टेह हे ऑस्ट्रेलियातले दोघे, दोघांनाही दिसत नाही. करनने 2006 साली एनव्हीडीए लिहायला घेतलं, टेह पुढे सोबत आला, आणि ते त्यांनी सगळ्यांना फुकट दिलं. ते हाती आलं त्या दिवशी मी रात्री अडीचपर्यंत बसून होतो. आवाज बंद पडायची भीती नव्हती. दुसऱ्या खोलीतून माय विचारत होती, "हाई काय बोली राहिनं रे इतलं भरभर?"

तर उबुंटू. तिथे ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर आधीच असतो. अल्ट, सुपर आणि एस एकदम दाबायचं. सुपर म्हणजे आपलं विंडोजचं बटण. मी दाबलं, क्षणभर काहीच नाही, आणि मग आवाज आला. तोच! एनव्हीडीएत मी रोज ऐकतो तो ई-स्पीक नावाचा यांत्रिक आवाज. पत्र्यावर खडे पडल्यासारखा तो आवाज नवख्या माणसाला सोसवत नाही, पण मला त्याचा प्रत्येक हेलकावा पाठ आहे. ओळखीच्या माणसाने परगावच्या स्टँडवर हाक मारावी तसं वाटलं. आवाज तोच असला की मशीन बदललं तरी अर्धी लढाई जिंकलेली असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

उरलेली अर्धी बोटांची. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि स्पेस दाबलं की वेबपानावर वाचायच्या अवस्थेतून लिहायच्या अवस्थेत जाता येतं. ऑर्कात त्याच दोन बटणांनी सेटिंगची खिडकी उघडते. लिहायला जायचं तर इन्सर्ट आणि ए. पहिला आठवडाभर विद्यार्थ्याचं नाव भरायला गेलो की सेटिंग समोर. इन्सर्ट-टी दाबून खिडकीचं नाव विचारावं, तर ऑर्का वेळ सांगायचा. पण मथळ्यावरून मथळ्यावर जायला एच आणि लिंकवर जायला के, हे दोन्हीकडे तेच. महिन्याभरात बोटांना कळलं, आपण कुठे बसलोय ते.

मावसभावाच्या मॅकवरही दिवाळीत हात फिरवला. व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर, 2005 पासून त्यातच येतं, कमांड आणि एफ फाइव्हने चालू होतं. तिथे टूलबारसारख्या गटाच्या आत शिरायचं, काम करायचं, परत बाहेर यायचं, वाड्यातल्या खोल्यांसारखं. मला ते दोन दिवसांत जमलं नाही, पण ज्याला सवय आहे त्याचं भराभर चालतं.

खरं सांगायचंय ते जुलैतलं. एका कार्यालयाकडून वर्डची फाईल आली, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली. अशा फायली मला नव्या नाहीत. आत युनिकोड देवनागरी, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणून ओळखू येणारी अक्षरं, नसतातच, युरोपी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना वरून मराठी आकार चढवतो. डोळ्यांना आकार दिसतो, स्क्रीन रीडरला आतलं दिसतं. 'महा' एवढं अक्षर-अक्षर वाचलं तर कानावर येतं: अ‍ॅक्यूट, ओ अम्लाउट, ए ई, यू अम्लाउट, ओ अम्लाउट. त्यात ओ अम्लाउट, म्हणजे डोक्यावर दोन ठिपके असलेला युरोपी ओ, हा काना, हे मी वर्षानुवर्षं ऐकून ताडलं होतं. पूर्ण परिपत्रक मात्र असं वाचता येत नाही, कुणाला तरी वाचून दाखवायला सांगावं लागतं. प्रत्येक वेळी.

त्या दिवशी सरांना म्हटलं, "जरा वाचता का?" सर स्क्रीनपाशी आले आणि थांबले. "हे काय आहे? काहीच कळत नाहीये." उबुंटूवर तो फॉन्ट नव्हता. आकाराचा पडदा गेला होता आणि आत जे होतं तेच त्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "सर, दुसरं चिन्ह ओ आहे ना? डोक्यावर दोन ठिपके?" ते म्हणाले, "हो, तुला कसं कळलं?"

"मला नेहमी हेच ऐकू येतं."

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून सल्ला आला की फॉन्ट टाकून घ्या. आधी मी दहादा विनंती केली होती, तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. या वेळी सर आवाज न चढवता म्हणाले, "फॉन्ट नको, युनिकोडमध्ये पाठवा. आमच्या लिपिकांना वाचायचंय, आणि आता मलाही."

ऑगस्टचं परिपत्रक युनिकोडमध्ये आलं. सर वर्गावर होते. मी फाईल उघडली, खालचा बाण दाबला. "प्रति, मुख्याध्यापक." पुन्हा बाण. "विषय." पुन्हा. सर तासावरून परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "शुक्रवारपर्यंत माहिती पाठवायचीय, तक्ता मी करायला घेतलाय."