कास बघायची ती धार काढल्यावर

म्हैस घ्यायला गेलेला माणूस आधी कासेवर हात फिरवतो. मग ती निपाणीकडची असो नाहीतर खानापूरची. कास भरदार दिसली की सौदा ठरतो. पण भरदार कास दोन तऱ्हेची असते, आणि फरक कळतो तो धार काढून झाल्यावर. दूध तयार करणाऱ्या पेशी जास्त असलेली कास धारेनंतर रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते, मागच्या बाजूला कातड्याच्या घड्या दिसतात. मांसल कास मात्र धार काढली तरी जवळपास तेवढीच राहते. म्हणून सौदा करायचा तर धारेच्या वेळी जा आणि शेवटपर्यंत थांबा.

पोटाखालची जाड नागमोडी शीर लोक ‘दुधाची शीर’ म्हणून दाखवतात. तिच्यात दूध नसतं, कासेतून परत हृदयाकडे जाणारं रक्त असतं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं, म्हणून ती शीर बघण्यात अर्थ आहे.

गाय-म्हशीची कास म्हणजे एक पिशवी नव्हे. चार सडांचे चार वेगळे कप्पे असतात आणि एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. मागचे दोन कप्पे मोठे, साधारण 60 टक्के दूध त्यांचंच. शेळीला कप्पे दोनच. डाव्या-उजव्या भागांच्या मधोमध एक लवचीक पडदा असतो, कासेचा बराचसा भार तोच पेलतो. तो सैल पडला की कास लोंबते, मधली खाच बुजते आणि सड बाहेरच्या बाजूला फाकतात. अशा म्हशीचे सड शेणात लोळतात, पायाखाली येतात. पहिल्या-दुसऱ्या वेतातच असं दिसलं तर ती म्हैस मी तरी घेऊ नका म्हणेन.

आता म्हशीचं खास. गाईच्या कासेत सडाच्या वर दूध साठायला बरीच जागा असते. सुमारे पाचवा हिस्सा दूध तिथे आधीच उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम 5 टक्के. बाकी सगळं वर, दूध तयार करणाऱ्या बारीक पुटकुळ्यांमध्ये अडकलेलं. रेडकाने ढुसण्या दिल्या, कास कोमट पाण्याने धुऊन चोळली, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, पुटकुळ्या आवळल्या जातात आणि पान्हा सुटतो. याला म्हशीत दोनेक मिनिटं लागतात, काहींना जास्तच. त्याआधी रिकामा सड ओढला तर आतलं अस्तर दुखावतं. ओरडा, काठी, अनोळखी माणूस, कुत्रं यांनी ती घाबरली की पान्हा चोरते. पान्हा सुटला की मात्र थांबू नका, पाच-सात मिनिटांत धार आटपा. रोज इंजेक्शन टोचून पान्हा सोडवू नये. पुढे त्याशिवाय ती दूधच सोडत नाही.

सडाच्या टोकाला एक बारीक नळी आणि तिच्याभोवती आवळणारा स्नायू असतो. जंतूंना अडवणारं दार तेवढंच. म्हशीत तो स्नायू जाड, म्हणून धार जड लागते आणि अंगठा मुडपून ओढायची सवय पडते. त्या पेराखाली सड आतून चेंगरतो, गाठ धरते, धार वाकडी येते. मुठीने, वरून खाली दाबत काढा.

धारेनंतर हे दार अर्धा-एक तास उघडं राहतं. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि वैरण तेव्हाच टाका, म्हणजे म्हैस उभी राहील. खानापूरकडच्या पावसात गोठा ओला असतो, तिथे तर हे चुकवूच नका.

रोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या, जमिनीवर नको. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्त दिसलं तर तो सड शेवटी पिळा, हात धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. दवाखान्याच्या चिठ्ठीवर कन्नडमध्ये ‘केच्चलु बावु’ लिहिलेलं असेल, तर तो आपला कासदाहच. केच्चलु म्हणजे कास, बावु म्हणजे सूज. कप्पा दगडासारखा घट्ट होईपर्यंत वाट बघितली तर आतल्या पुटकुळ्यांच्या जागी नुसत्या तंतूंची गाठ उरते आणि तो सड सहसा कायमचा जातो.