नाशिकचा ढोल आणि क्वीनचा बेसवाला

कसाऱ्याला गाडी थांबली की मी हटकून दाराशी जातो. घाट चढायला इथे मागून इंजिनं लावतात. चढ १:३७ चा, एकट्या पुढच्या इंजिनाचं ते काम नाही. कानात क्वीन हा इंग्लिश रॉक बँड चालू होता आणि मी मुद्दाम नुसता बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, पकडून ऐकत होतो. तो बेस वाजवणारा जॉन डीकन म्हणजे त्या बँडचं हे मागचं इंजिन.

जन्म १९५१, गाव इंग्लंडातलं लेस्टर. लंडनला इलेक्ट्रॉनिक्स शिकत असताना, १९७१ मध्ये क्वीनमध्ये आला. चौघांत सर्वांत शेवटी आलेला आणि वयानंही सर्वांत लहान. कुणीतरी फेकून दिलेलं सर्किट उचलून त्यानं छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला, तो बँडचा गिटारवाला ब्रायन मे पुढे वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरत राहिला. गाणी त्यानं मोजकीच लिहिली. १९७५ चं 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' बायकोसाठी. त्यातला इलेक्ट्रिक पियानोही यानंच वाजवलाय, कारण बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याला ते वाद्य मुळीच आवडत नसे. फ्रेडी आपल्या पाचगणीच्या शाळेतला, हे सगळ्यांना पाठ असतं. डीकनचं नाव विचारा, लोक गप्प.

नाशिकरोडहून शहरात आलो. काळ्या रश्श्याची मिसळ झाली, त्यावर वेगळं लिहीन. धरणातून पाणी सोडलं होतं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला गोदावरी लागलेली. नाशिककरांचा पूर मोजायचा आकडा हाच.

संध्याकाळी नदीकाठीच एका पथकाचा गणपतीचा सराव चालला होता. लांबून ताशा ऐकू येत होता. जवळ गेल्यावर मात्र ढोल कानाआधी छातीत वाजतो, आणि पाय आपोआप त्याच्याच ठेक्यावर पडायला लागतात. १९८० च्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये डीकननं नेमकं हेच केलंय. गाणं बेसवरच उभं आहे, गिटार येते-जाते. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

पाणी प्यायला थांबलेल्या एका पोरानं माझ्या मोबाइलवर क्वीनचा फोटो बघितला.

"दादा, मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. गिटारला आधीच तिघं होते."

डीकनचंही तसंच काहीसं. शाळकरी बँडमध्ये तो आधी ऱ्हिदम गिटारवर होता, बेसवाल्याला जमेना म्हणून बेस याच्याकडे आला. हे सांगितल्यावर पोरगं खूश झालं.

"आता कुठं वाजवतात ते?"

"कुठंच नाही. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. १९९७ नंतर यानं बँड सोडला. २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सत्कार झाला, तिकडेही फिरकला नाही."

"गाण्यांचे पैसे येत असतील ना अजून?"

"येणारच."

"मग कशाला जातील!" म्हणत त्यानं टिपरू उचललं आणि पळत रांगेत जाऊन उभा राहिला.