मिंटवर आल्यावर दुकानात काय ठेवलं, काय नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझ्या दुकानातलं मशीन सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे ती वाट बंदच. मशीन मात्र ठणठणीत आहे, एसएसडी टाकलेली, रॅम आठ जीबी. ते भंगारात देणं मला पटेना. भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. पुढे काय काय बसवायचं हे मात्र माझं मलाच ठरवायचं होतं.

‘मिंट टाकल्यावर हे करा’ छापाचे व्हिडिओ पाहिले, पण ते गेम खेळणाऱ्यांसाठी नाहीतर प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी. म्हणून मी वही घेतली आणि दिवसभरात हात कुठे कुठे जातो तेवढंच लिहून काढलं. सोलापूरच्या साखर पेठेत डीटीपीचं दुकान म्हणजे लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कारखान्यांची बिलबुकं, टॉवेलच्या पाकिटांची लेबलं. त्यातही एकच पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. मुलीकडचे अक्कलकोटचे असले की कानडीही येते. वहीत जे काम नाही, त्याचं सॉफ्टवेअर मशीनवर नाही, एवढा एकच नियम ठेवला.

सगळ्यात आधी टायपिंग. मी इन्स्क्रिप्टवाली, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा तो ठरलेला कीबोर्ड वापरणारी. टायपिंगची भाषा बदलून देणारं आयबस आणि त्यासोबतचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही इन्स्क्रिप्ट मिळतात, आणि तिन्हींत ‘क’ एकाच बटणावर असतो. हे मला फार मोलाचं वाटतं. बोटांना एक भाषा शिकवली की बाकीच्या दोन निम्म्या येतातच. मराठीची परीक्षा मी एकाच शब्दावर घेते: ‘दुसऱ्या’. शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’चं बटण दाबायचं, मग ‘डी’, मग तिरक्या रेषेचं बटण, मग ‘ई’. ‘ऱ्या’ नीट उमटला तर फॉन्ट कामाचा. ‘र्‍य’च्या जागी ‘र्य’ दिसला किंवा मध्येच हलन्त लोंबत राहिला तर फॉन्ट काढून टाकायचा. त्यानंतर ‘ॲड.’ बघते, कारण आमच्याकडे प्रत्येक पत्रिकेत एक तरी वकीलसाहेब असतातच.

फॉन्टांच्या बाबतीत मला ‘बालू’ने जिंकलं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट. देवनागरीसाठी बालू, तेलुगूला बालू तम्मुडू, कानडीला बालू तम्मा. तिन्ही लिप्यांचं वळण एका घरातलं, त्यामुळे पत्रिकेच्या दोन्ही बाजू एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. अहवालाच्या बारीक मजकुराला मुक्ता. उर्दू नावं आली तर नोटो नस्तालिक. सगळे फुकट आणि छपाईला परवानगी असलेले. ‘फॉन्ट मॅनेजर’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं आहे, त्यात माझंच वाक्य टाकून सगळे फॉन्ट एकाखाली एक बघता येतात. गिऱ्हाईक समोर बसलं असताना याच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

मांडणीसाठी स्क्रायबस. त्याची १.४ ही जुनी मालिका देवनागरीची जोडाक्षरं जुळवायचीच नाही, म्हणून लोक अजून त्याला नावं ठेवतात. २०२४ च्या १.६ पासून ते व्यवस्थित होतं, आणि ऑफसेटवाल्याला लागणारी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतली, पीडीएफही निघते. गणपती, कलश, वेलबुट्टी काढायच्या त्या इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये.

क्लिपबोर्डसाठी कॉपीक्यू. आजोबांपासून करवलीपर्यंत तीच नावं परत परत चिकटवायची असतात, मागचं सगळं कॉपी केलेलं शोधून मिळालं की वेळ वाचतो. पण दुकानात फॉर्मही भरले जातात, आणि मग लोकांचे आधार नंबर त्या यादीत साठत जातात. म्हणून यादीची मर्यादा कमी ठेवली आहे आणि दुकान बंद करताना ती पुसतेच. असं सॉफ्टवेअर दुकानात वापरणाऱ्या प्रत्येकीने हे करावं असं मला मनापासून वाटतं. तो गिऱ्हाइकाचा माल आहे, आपला नाही.

फोनमधले फोटो घ्यायला लोकलसेंड. एकाच वायफायवर असलं की पुरे, इंटरनेट लागत नाही, आणि व्हॉट्सॲपसारखा फोटो दाबला जात नाही. पानं मागेपुढे करायला पीडीएफ अरेंजर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चालतं.

जुना छापील मजकूर घेऊन येणारेही असतात, ‘अक्का, एवढं परत टाइप करून द्या.’ त्यासाठी स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं टेसरॅक्ट, आणि ते कमांड न लिहिता खिडकीतून वापरायला जीइमेजरीडर. मराठी, तेलुगू, कानडीचे भाषासंच वेगवेगळे टाकावे लागतात. स्वच्छ ऑफसेट छपाई असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत अनुस्वार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, तिथे मी सरळ टाइप करते.

बॅकअपवर मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं. ते सिस्टीमच्या फाईली सांभाळतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे गिऱ्हाइकांचं काम, ते मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही. कामासाठी मी ‘बॅक इन टाइम’ ठेवलं. न बदललेल्या फाईली ते पुन्हा कॉपी करत नाही, आणि प्रत्येक दिवसाचा बॅकअप साध्या फोल्डरसारखा उघडून बघता येतो. त्यासाठी बाहेरची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली हवी, पेनड्राइव्हला असते ती एक्सफॅट पद्धत चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ऐन लगीनसराईत लाईट जाते, तेव्हा याची किंमत कळते.

क्लीनर, रॅम वाढवून देणारे, डेस्कटॉपवर घड्याळं लावणारे, यातलं काहीही टाकलेलं नाही. मिंट त्यांच्याशिवाय नीट चालतं.

राहिल्या त्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फाईली. जुन्या फॉन्टात केलेला मजकूर इथे उघडला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्याच आत चालणाऱ्या नकली मशीनमध्ये, विंडोज ठेवलं आहे, नेट तोडून. ज्या सोसायटीचा अहवाल पुन्हा येतो, त्याचा मजकूर तेव्हाच युनिकोडमध्ये आणते आणि नावं, रकमा डोळ्यांनी ताडून बघते. बाकीच्या फाईली गरज पडेपर्यंत आहेत तिथेच राहतील.