४३६ रुपये

तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बँकेच्या शाखेत दुपारी त्या आल्या, गेलेल्या नवऱ्याच्या खात्याच्या कामासाठी, सोबत दीर. कॅरीबॅगेतून पासबुक, एटीएम कार्ड आणि मृत्यूचा दाखला काढून काउंटरवर ठेवला. कार्डाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर पिन. "मॅडम, आठ हजार काढलेत यातून, दहाव्याला. लोक म्हणाले, बँकेला कळायच्या आत काढून घ्या."

हा सल्ला प्रत्येक घरात कोणी ना कोणी देतंच. नियमाने माणूस गेल्यावर ते कार्ड कोणीच वापरायचं नसतं, आणि वारसांत वाद झाला तर याच नोंदी पुढे येतात. पण मी त्यांना बोलले नाही. बँक पैसे लवकर देते असा लोकांचा भरवसा असता, तर हा सल्ला कोणी दिलाच नसता.

नॉमिनी हयात असेल तर मयत खात्याचं काम सरळ असतं: दाखला, नॉमिनीचे ओळखीचे कागद, दाव्याचा फॉर्म. इथे नॉमिनी होती खातेदाराची आई. खातं लग्नाआधीचं, आणि आई जाऊन सहा वर्षं झालेली. त्यात दाखल्यावर नाव 'बाळू'. माणूस रात्री घरीच गेला. अमरधामला नोंद करताना शेजाऱ्यांच्या तोंडात जे नाव होतं तेच कागदावर चढलं. आधारवर आणि खात्यावर वेगळंच. दीर म्हणाले, "रामकुंडावर उपाध्यायांनी चोपडी काढली, त्यात आमच्या आजोबांची सही निघाली. तिच्याखाली दादाचं पूर्ण नाव लिहून आलो." म्हणजे तिथल्या चोपडीत नाव बरोबर, आणि जिच्यावर सगळे दावे अडतात त्या दाखल्यात टोपणनाव. दुरुस्तीसाठी त्यांना महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पाठवलं. २१ दिवसांत नोंद करायची हे बऱ्याच जणांना माहीत असतं. नोंद करणाऱ्याच्या खिशात मयताचं आधार कार्ड असावं, हे त्या रात्री कोणाला सुचत नाही. आता ओळखीत कोणी गेलं की मी घरातल्या एखाद्या शांत माणसाला बाजूला घेऊन तेवढंच सांगते.

दिरांना वाटत होतं, त्यांचीही सही लागणार. बायको-मुलं असताना भाऊ वारस धरला जात नाही, हे सांगितल्यावर त्यांना बरंच वाटलं. वहिनीच्या पैशांत आपलं नाव नको, म्हणाले. अशी माणसंही येतात.

मग मी पासबुक छापायला घेतलं. मयताचं पासबुक मी शेवटच्या शिलकेपाशी सोडत नाही, मागची चार-पाच वर्षं ओळ न् ओळ वाचते. कुठे विम्याचा हप्ता सापडतो, कुठे घरच्यांना ठाऊक नसलेली आवर्ती ठेव. इथे मे महिन्यात ३३० रुपये, आणि २०२२ पासून ४३६. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाचे ४३६ आणि मृत्यूनंतर वारसाला दोन लाख, मृत्यू कशानेही होवो. माझं बोट खाली सरकत गेलं. यंदाच्या मे महिन्यात ती ओळ नव्हती. शेवटच्या आठवड्यात खात्यात २११ रुपये होते. ३ जूनला पगार जमा झाला, तोवर विमा बंद पडलेला. १९ ऑगस्टला ते गेले.

बंद पडलेला विमा पुन्हा हप्ता भरून सुरू करता येतो. फक्त पहिल्या ३० दिवसांत, अपघात सोडून, दावा मिळत नाही. जूनमध्ये भरला असता तरी ऑगस्टमध्ये दोन लाख मिळाले असते. त्यांच्या मोबाइलमध्ये बँकेचा मेसेज होता, इंग्रजीत. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हप्ता न कटलेल्यांची यादी माझ्याच टेबलावर होती. आम्हाला टार्गेट असतं नवीन नोंदणीचं. जुनी माणसं गळाली तर कोणी विचारत नाही. मीही यादी बाजूला ठेवून नवीन फॉर्म भरत बसले होते.

हे मी त्यांना सांगितलं, यादीचं सोडून. त्यांनी पर्स उघडून पाचशेची नोट काउंटरवर ठेवली. "आता भरले तर?"

दिरांनीच नोट उचलून त्यांच्या पर्समध्ये परत ठेवली.

मी पुन्हा पगाराच्या ओळींकडे वळले. अंबडला ठेकेदाराकडे कामाला होते. मोबाइलमध्ये पगाराची चिठ्ठी निघाली, तिच्यावर पीएफची कपात. घरच्यांना वाटत होतं, पीएफ म्हणजे साठलेले पैसे तेवढे. पण नोकरीत असताना सभासद गेला तर त्याच खात्यावर ईडीएलआय नावाचा विमा असतो. सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून कटत नाही, म्हणून घरात कोणाला त्याचं नावही ठाऊक नसतं. शिवाय विधवेला पेन्शन, आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत वेगळी. हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

दाखल्यावरचं नाव महिन्याभरात सुधारलं. खात्यातले २३ हजार मिळाले. पीएफचा फॉर्म मात्र ठेकेदाराच्या टेबलावर अडकला. चार खेपा झाल्या, दर वेळी "पुढच्या आठवड्यात या". त्या पाचव्यांदा शाखेत आल्या तेव्हा मी फॉर्मची मागची बाजू वाचली. मालकाची सही मिळत नसेल तर कोणाची चालते त्याची यादी तिथे असते. राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, आमदार, आणि बचत खातं असलेल्या बँकेचा मॅनेजर.

फॉर्म घेऊन मी केबिनमध्ये गेले. "हे आपलं काम आहे का?" साहेबांनी विचारलं. मी मे महिन्याचं पान उघडून पासबुक समोर ठेवलं, आणि या वेळी यादीचंही सांगितलं. त्यांनी पान पाहिलं आणि काही न बोलता सही केली. शिक्का पुसट उठला. मी तो त्यांच्या हातातून घेतला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि पुन्हा मारला.