क्लाउएरची नाळ कोणी नीट सांगतच नाही

'चार दिवसांची पायवाट, सह्याद्रीत फिरत असाल तर जमेल.' एवढ्या माहितीवर मी सें-जिरोंहून निघालो. चौथ्या दिवशी सकाळी क्लाउएर खिंडीखालच्या बर्फात उभ्या उभ्या ती माहिती देणाऱ्याची यथेच्छ पूजा बांधली.

वाट फ्रान्समधल्या सें-जिरोंपासून पिरनीज ओलांडून स्पेनमधल्या एस्तेरीपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात 1943 पासून सोप्या खिंडींवर जर्मन पहारा वाढला, तेव्हा गावकरी आणि मेंढपाळ वाटाडे पाडलेल्या विमानांतल्या ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकांना इकडून पार करायचे.

पहिले दोन दिवस जंगल, कुरणं, कोर खिंड. छान आहे, पुढे चला. फक्त लुई बारोच्या स्मारकापाशी थांबा. हा तरुण वाटाड्या सप्टेंबर 1943 मध्ये जर्मनांच्या हातून मारला गेला.

तिसऱ्या दिवशी दगडांत हॅलिफॅक्स या ब्रिटिश बॉम्बर विमानाचे पत्रे दिसतात. याच विमानातल्या लोकांना सोडवलं असणार, असं मी घरून ठरवूनच आलो होतो. साफ चूक. ते कोसळलं जुलै 1945 मध्ये, युरोपातलं युद्ध संपल्यावर. सातही जण गेले.

आता मुद्द्याचं. मुक्काम एस्तान्यूच्या रेफ्यूजमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, 2245 मीटरवर. सकाळी आधी 1929 मीटरपर्यंत तळ्याकडे उतरायचं, म्हणजे कमावलेली उंची घालवायची, आणि मग 2522 मीटरची क्लाउएर खिंड चढायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वरचा उतार बर्फाने भरलेला होता. बुटांना लावायचे काटे न्याच. आदल्या संध्याकाळी रेफ्यूजवाल्यांना बर्फाचं विचारा, नेटवरच्या फोटोंवर जाऊ नका.

खरा घोळ पलीकडे. खिंडीतून स्पेनकडे उतरणारी नाळ म्हणजे सरळ घसारा. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांना कल्पना येईल, फक्त इथे ती उतरायची. एक पाऊल टाकलं की चार पावलं दगडांसकट खाली. माझी एक काठी वाकली, मागच्याने सोडलेला नारळाएवढा धोंडा कानाजवळून गेला. एकेकाने उतरा, मधल्यांनी कडेला थांबा. आणि युद्धातले ते वैमानिक इथून दोरीच्या तळव्याच्या कापडी जोड्यांत गेले! माझ्या सतरा हजारांच्या बुटांबद्दल तिथून पुढे मी एक शब्द काढला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने जाऊ नये. दर जुलैत स्मरणार्थ सामुदायिक चाल निघते, तिच्यासोबत जा.

परतीला स्पेनमधल्या विएल्या गावामार्गे मोठा वळसा पडतो. एस्तेरीत दमून बसलेलं पाहून गाडीवाल्याने दुप्पट भाडं सांगितलं आणि मी मुकाट दिलं. तुम्ही आधीच फोन करून ठरवा.