व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे

व्हिसा हातात पडला की आधी त्यावरची शेवटची तारीख बघितली जाते, आणि तोवर राहायला परवानगी आहे असं धरून तिकिटं काढली जातात. लांबच्या मुक्कामाचा बेत फसतो तो बहुधा इथेच. व्हिसात तीन वेगवेगळ्या गोष्टी ठरलेल्या असतात: तो कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत वापरता येईल, त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल, आणि देशात किती वेळा शिरता येईल. तिन्हींचा हिशोब स्वतंत्र चालतो. ज्याची मर्यादा आधी संपेल, तिथे मुक्काम संपला.

शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट; त्याच्या व्हिसाच्या स्टिकरवर हे स्पष्ट दिसतं. समजा मुदत १ एप्रिल ते १५ मे आहे आणि मुक्कामाचे दिवस ३० लिहिलेत. १० एप्रिलला पोचलात तर ९ मे हा तिसावा दिवस, त्या दिवशी बाहेर पडायलाच हवं. १५ मे तुमच्या कामाची नाही. वरचे १५ दिवस प्रवास थोडा पुढे ढकलावा लागला तर सोय म्हणून दिलेले असतात. उलट २५ एप्रिलला पोचलात तर तीस दिवस मिळतच नाहीत, कारण १५ मेला मुदतच संपते आणि हातात २१ दिवस राहतात.

अमेरिकेत हा फरक आणखी ठळक आहे. तिथला पर्यटन व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो, पण तो तुम्हाला सीमेपर्यंत नेतो, एवढंच त्याचं काम. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत जाते. ही नोंद ऑनलाइन बघता येते. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत ती उघडून तारीख बरोबर आहे ना हे तपासा, कारण चूक असेल तर दुरुस्तीसाठी तेव्हा पुरेसा वेळ असतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी झाला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं.

आता युरोपचा नव्वद-एकशेऐंशीचा नियम. याबद्दलचे गैरसमज सगळ्यात चिवट आहेत. नियमाचे शब्द साधे आहेत: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अनेकांना वाटतं की पहिल्या प्रवेशापासून १८० दिवस मोजायचे आणि मग पाटी कोरी होते. तसं नाही. शेंगेनमधल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात आत काढलेले दिवस मोजायचे. ती संख्या कुठल्याच दिवशी नव्वदच्या वर जाता कामा नये. शिरल्याचा दिवस पूर्ण धरला जातो आणि निघाल्याचाही, मग विमान रात्री साडेअकराला उतरलेलं असो.

उदाहरण घेऊ. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे, नव्वद दिवसांचा आहे आणि वर्षभर चालणारा आहे. १० जानेवारी २०२६ ला तुम्ही शिरलात आणि २८ फेब्रुवारीला निघालात. जानेवारीचे २२ आणि फेब्रुवारीचे २८, म्हणजे ५० दिवस गेले. आता २९ मेला परत शिरलात तर ४० दिवस उरतात आणि ७ जुलैला बाहेर पडावं लागतं. पण एकच दिवस थांबून ३० मेला शिरलात तर? ८ जुलैला तुमचे नेमके ९० भरतात. त्या दिवशीची खिडकी, म्हणजे मागच्या १८० दिवसांचा पट्टा, बरोबर १० जानेवारीपासून सुरू होते. ९ जुलैला ती एक दिवस पुढे सरकते, १० जानेवारी तिच्यातून बाहेर पडतो आणि त्या जागी आजचा दिवस बसतो. असा रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा भरतो, बेरीज नव्वदवरच राहते. शेवटी २७ ऑगस्टपर्यंत सलग ९० दिवस मिळतात. एका दिवसाच्या फरकाने ४० चे ९०! म्हणून तिकीट काढायच्या आधी हा हिशोब कागदावर मांडाच. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे. त्याचं उत्तर तुमच्या हिशोबाशी जुळलं नाही, तर बहुधा येण्याजाण्याचा एखादा दिवस मोजायचा राहिलेला असतो.

मधले दिवस कुठे काढायचे हे ठरवताना नकाशा ताजा हवा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरच्या सीमांसकट १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. हे तीन देश पूर्वी 'दिवस न मोजता राहायची जागा' म्हणून वापरले जायचे, ती वाट आता बंद आहे. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलंड संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असताना मध्येच डब्लिनला चार दिवस जाऊन यायचं ठरवलंत तर परत शिरता येणार नाही, शिल्लक दिवस कितीही असोत. शिवाय आयर्लंडच्या प्रवेशाची अट निराळी पाहावी लागेल, ती वेगळीच.

पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के पुसट असायचे, एखादा राहूनही जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन प्रत्येक येणंजाणं संगणकात नोंदवलं जातं. जास्तीचा एक दिवसही तिथे दिसतो. तरी बोर्डिंग पास आणि तिकिटं जपून ठेवा. यंत्रातली नोंद चुकली तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर हा व्हिसा ताणत बसू नये असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा, म्हणजे डी प्रकारचा, राष्ट्रीय व्हिसा असतो: शिक्षण, नोकरी, कुटुंब, संशोधन असं कारण धरून. तो ज्या देशाने दिला, त्या देशातले दिवस नव्वदच्या हिशोबात धरत नाहीत. त्यावर इतर शेंगेन देशांत फिरताना मात्र तोच नियम लागू होतो. पर्यटक म्हणून जायचं आणि तिथे पोचल्यावर प्रकार बदलून घ्यायचा, ही योजना फार थोड्या जणांना आणि फार थोड्या कारणांसाठी साधते. सर्वसाधारणपणे डी व्हिसाचा अर्ज निघण्याआधी, आपण राहतो तिथल्या दूतावासाकडेच करावा लागतो.

कागद गोळा करताना क्रमाला महत्त्व आहे. आधी पासपोर्ट. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. वर्षभर जाणार असाल तर पासपोर्ट नवा करूनच अर्ज करा, नाहीतर व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीला अडकते. मग जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदव्या. यांना बऱ्याच देशांत अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लागतं; ते १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये चालतं. आधी अपोस्टिल, मग भाषांतर. उलटं केलं तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि अख्खं काम पुन्हा करावं लागतं. पोलिसांचा दाखला आणि बँकेचे उतारे सगळ्यात शेवटी घ्या, कारण ते लवकर शिळे होतात. अर्जाच्या दिवशी ठरावीक महिन्यांपेक्षा जुने असले तर परत पाठवले जातात.

तारखांचा मेळ हीसुद्धा नेहमीची अडचण. आमंत्रणपत्र, विमा, राहण्याची जागा आणि प्रवास या चारही कागदांवर एकच काळ दिसला पाहिजे. शेंगेनच्या अल्प मुक्कामासाठी विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं आणि ते आतल्या प्रत्येक दिवसाला लागू हवं. विमा एक दिवस कमी पडला तरी अर्ज अडतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, तपासणी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत. पंधराच्या भरवशावर तिकीट काढू नका. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम संशय वाढवते. पैसे घरच्यांनी दिलेले असतील तर तसं त्यांच्या सहीचं पत्र जोडा.

डी व्हिसावर पोचल्यावरही काम उरतं, आणि हीच पायरी सर्रास राहून जाते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, म्हणून घर ठरवतानाच तो मिळेल का हे विचारून घ्या. इटलीत निवास परवान्याचा अर्ज कामाच्या आठ दिवसांत करायचा असतो. स्पेनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांनी महिन्याच्या आत परदेशी नागरिकांचं ओळखपत्र मागायचं असतं. फ्रान्समध्ये निवास परवान्याचं काम करणारा दीर्घ व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, तेव्हा शुल्कही भरायचं असतं. ते राहिलं तर तीन महिन्यांनंतरचा मुक्काम नियमाबाहेर जातो आणि सुट्टीसाठी बाहेर पडलात तर परतताना सीमेवर अडवलं जाऊ शकतं. अशा कामांसाठी सरकारी कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाच कधीकधी आठवडे लागतात, म्हणून जिथे ऑनलाइन वेळ घेता येते तिथे ती विमानात बसायच्या आधीच घेऊन ठेवा आणि त्या पुष्टीची छापील प्रत पासपोर्टसोबत बाळगा.