धडा संपल्यावरचं पुस्तक

मराठीच्या पाठ्यपुस्तकातला धडा चार-पाच पानांचा. आधी लेखकाचा परिचय, शेवटी शब्दार्थ आणि स्वाध्याय. शाळेनं वाचनाची गोडी लावली ती याच पानांतून, आणि हे ऋण शाळेच्या या स्मरणिकेत नोंदवायलाच हवं. पण धडा म्हणजे मोठ्या पुस्तकातून काढून घेतलेला उतारा. उतारा काढताना मागे काय राहिलं, हे मूळ पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आज वर्गात बसणाऱ्यांसाठी आणि शाळेबरोबरच वाचनही सुटलेल्यांसाठी अशा काही पुस्तकांबद्दल लिहावंसं वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा उतारा बहुधा गमतीच्या प्रसंगाचा असतो. त्यामुळे लक्ष्मीबाई म्हणजे भाबडी, हसवणारी बाई एवढंच मनात राहतं. पूर्ण पुस्तक वेगळंच आहे. सुरुवातीलाच वडिलांचं पराकोटीचं सोवळं येतं. ते वाचून हसू येतं, पण त्याचं मूळ भीषण आहे: १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं हा माणूस सोवळ्याच्या आहारी गेला. त्याच घरात वाढलेल्या मुलीचा नवरा १८९५ साली ख्रिस्ती होतो. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहतात, आणि १९०० साली ती स्वतः बाप्तिस्मा घेते. या दोन सालांमधली पानं सावकाश वाचावीत. जातीचा विटाळ मनातून कसा थोडा थोडा सुटत जातो, हे इतक्या साध्या, घरगुती मराठीत सांगितलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल. अडचण होते ती नातेवाइकांच्या गर्दीची. दीर, नणंदा, मामेसासरे, मानलेली माणसं यांत वाचक हरवतो आणि पुस्तक अर्ध्यावर राहतं. वहीच्या एका पानावर वंशावळ काढत गेलं की हे होत नाही.

१८५७ चं नाव निघालंच आहे, तर विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’. या पुस्तकावर माझा फार जीव आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचं कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघतो. महूजवळ बंडाची बातमी कानावर येते, तरी तो मागे फिरत नाही. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असं करत तो थेट आगीत शिरतो. १८५८ च्या वेढ्यात तो झाशी शहरात होता. तोफांचा मारा, पाण्याचे हाल, शहर पडल्यावरची कत्तल हे सगळं त्यानं शहराच्या आतून पाहिलं. लढाईचं वर्णन करता करता तो जेवणाखाणाबद्दल आणि मिळालेल्या दक्षिणेबद्दलही सांगतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. वीरकथा सांगणाऱ्याला असले हिशेब सुचत नाहीत.

इथे आवृत्ती पाहून घ्यायलाच हवी. गोडसेभटजींनी हे लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून आणि मोडी लिपीत. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण काटछाट करून आणि भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखित इथे पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात आलं, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ मजकूर प्रसिद्ध केला. ग्रंथालयात नुसतं ‘माझा प्रवास द्या’ म्हटलं तर यांतलं कुठलंही हाती पडेल. प्रस्तावना उघडून संपादकाचं नाव पाहावं आणि मूळ संहितेवरून केलेली प्रत मागावी. दुसरी खबरदारी तारखांची. पंचवीस वर्षांनंतरच्या स्मरणात दिवस मागेपुढे होतात, ऐकीव गोष्टी पाहिलेल्यांत मिसळतात. स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं, अशा दोन खुणा पेन्सिलीनं समासात करत गेलं तर पुस्तकाचं खरं सोनं कुठे आहे ते आपोआप दिसतं. (प्रत ग्रंथालयाची असेल तर खुणा वहीत.)

जुनी पुस्तकं नव्या वाचकाला अडतात ती बहुतेक लेखनामुळे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार पानभर दिसतात आणि मुलं बिचकतात. ते उच्चारायचे नाहीत, एवढं सांगितलं की निम्मी भीती जाते. एक फसगत मात्र लक्षात ठेवावी. आज ‘घरांत’ म्हटलं की अनेक घरं. जुन्या पानावरचं ‘घरांत’ एकाच घराबद्दलही असू शकतं, ते संदर्भावरूनच ठरवावं लागतं. शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावा. दोन्ही आता इंटरनेटवर आहेत. शोधताना ‘नांव’ असा जुन्या पद्धतीनंही टाईप करून पाहावं, नाहीतर शब्द कोशात असून सापडत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) छोटी आहे, दोन बैठकांत संपते. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, शाळा, तालीम असा उतारा वाचणाऱ्याला ती गाव उभं राहण्याची गोष्ट वाटते. मुळात ती गाव मोडण्याची आहे. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं निघून जातात. शेवटची प्रकरणं वाचल्याशिवाय पहिली कळत नाहीत, म्हणून ती लगेच पुन्हा वाचावी.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पुण्यात कॉलेजला जाणाऱ्यांनी वाचावी, पण वसतिगृहातल्या गमतींवर थांबू नये. नायकाच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची नक्कल कुणालाही जमते. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मात्र एका दमात वाचवत नाहीत. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) याच्या उलट: बोटीवरची ती गोष्ट एका रात्रीत वाचावी, तुकडे केले की तिचा ताण सैल पडतो.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ सलग वाचलं तर कंटाळा येण्याची शक्यता आहे, आणि तो दोष पुस्तकाचा नाही. बारा महिन्यांवरचे बारा लेख, त्या त्या महिन्यातच वाचायचे. मराठी महिने इंग्रजी तारखांना बांधलेले नसतात, सुमारे तीन वर्षांतून एकदा अधिक मास येऊन सगळं पुढे सरकतं. म्हणून तारखेवर न जाता पंचांग पाहावं. दुर्गाबाई मुंबईच्या. त्यांच्या पावसाच्या मानानं पुण्याचा पाऊस कितीतरी कमी, तेव्हा लेखातलं सगळं इथे जसंच्या तसं दिसेल अशी अपेक्षा नको. फरक नोंदवावा, त्यातच मजा आहे. काटेसावर आणि पळस फाल्गुनाच्या सुमारास पाहावेत, बहावा त्यानंतर उन्हाळा चढल्यावर. वेताळ टेकडीवर सकाळी सातच्या आत पोचावं, लेख आदल्या रात्री घरीच वाचून ठेवावा आणि वर पुस्तकाऐवजी वही न्यावी. आषाढात तर पुस्तक मुळीच बाहेर काढू नये. दमट हवेत पानं फुगतात, बांधणीचा डिंक सुटतो आणि पानांवर बुरशीचे ठिपके धरतात.